१२ व्होल्टच्या पिकअपवर २४ व्होल्टची विंच: जोडणी कशी करावी?

डेकवाला_सांगली
नमस्कार मंडळी. गाडी बोलेरो पिकअप, १२ व्होल्ट. मागच्या हौद्याच्या जागी लोखंडी डेक बसवलाय, बंद पडलेल्या लहान गाड्या उचलून न्यायला. हाताशी असलेली विंच (ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारं मोटरचं यंत्र) मात्र २४ व्होल्टची आहे, ट्रकवरून उतरवलेली. प्लेटवर ९५०० पौंड लिहिलंय, म्हणजे सुमारे ४३०० किलो. वायर रोप आणि गिअरबॉक्स उत्तम. विंच डेकच्या पुढच्या टोकाला, केबिनच्या मागे बसेल. डेकची उंची ८५ सेंटिमीटर, रॅम्प पावणेतीन मीटर.
तीन मार्ग ऐकलेत: १२ चे २४ करणारा बूस्टर लावायचा, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला) घ्यायच्या, किंवा सरळ १२ व्होल्टवरच चालवायची. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं ही विनंती.

वायरमन_कराड
आधी खेच किती लागणार ते काढू, मग करंटचं बोलू.
८५ सेंमी उंचीला २७५ सेंमी रॅम्प म्हणजे चढ साधारण १८ अंशांचा. ९५० किलोची हॅचबॅक धरा. चाकं मोकळी फिरत असतील तर चढाचे ९५० × ०.३१ आणि रोलिंगचे थोडे, मिळून ३२० किलोच्या आसपास खेच. तीच गाडी हँडब्रेक जाम किंवा गिअरमध्ये अडकलेली असेल आणि टायर पत्र्यावर घासत येणार असतील, तर घर्षण ०.६ धरून ८३० ते ८५० किलो. म्हणजे अडीच पट.
दोन्ही आकडे विंचच्या ताकदीच्या पाव भागाच्या आत आहेत, त्यामुळे पूर्ण लोडचा करंट तुम्हाला रोज लागणार नाही. अशी २४ व्होल्टची विंच रिकामी फिरताना ३५-४० अँपिअर घेते, मोकळ्या गाडीला ५०-६०, घासत येणाऱ्या गाडीला ९०-१००. पूर्ण लोडला २०० च्या वर जाते. वायर, फ्यूज, कॉन्टॅक्टर (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा रिले) मात्र त्या २०० साठीच निवडायचे, कारण गाडी रॅम्पच्या कडेला अडकली की करंट तिथेच पोचतो.

नट_बोल्ट
दादा, सगळ्यात आधी मोटर बदलून मिळते का बघा. बहुतेक कंपन्या तोच ड्रम आणि तोच गिअरबॉक्स वापरून १२ आणि २४ अशा दोन्ही विंच काढतात. फरक फक्त मोटरचा आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा (त्याला ओढून लावणाऱ्या गुंडाळीचा). शाफ्टचं टोक आणि बोल्टचं अंतर जुळलं तर तासाभराचं काम, पुढची सगळी डोकेदुखी संपली.

डेकवाला_सांगली
तेच आधी शोधलं. मॉडेल जुनं आहे, जुळणाऱ्या शाफ्टची १२ व्होल्टची मोटर मिळत नाही. रिवाइंडिंगवाले (मोटरच्या तारा नव्याने गुंडाळणारे) तयार आहेत, पण मन होत नाही.

वायरमन_कराड
रिवाइंडिंगच्या वाटेला जाऊ नका. १२ व्होल्टच्या मोटरला जाड पट्टीचं वाइंडिंग, मोठा कम्युटेटर (फिरत्या भागावरची तांब्याची कडी) आणि त्यावर टेकणारे रुंद कार्बन लागतात, कारण करंट दुप्पट होतो. नुसते फील्डचे वेढे बदलून कार्बन तेच ठेवले तर कार्बनखाली ठिणग्या पडतात आणि कम्युटेटर काळा पडून खरवडला जातो.

खडकवाट
मग सरळ १२ वरच चालवली तर? फक्त कॉन्टॅक्टर १२ व्होल्ट कॉइलचा टाकायचा. ३२० किलोच तर ओढायचंय.

वायरमन_कराड
ओढेल. पण काय होतं ते समजून घ्या. मोटरचा पीळ करंटवर ठरतो, वेग व्होल्टेजवर. तीच गाडी ओढायला १२ वरही तेवढेच ५०-६० अँपिअर लागतील, वेग मात्र निम्म्याहूनही खाली येईल, कारण वायर, कार्बन आणि वाइंडिंगमध्ये पडणारा ड्रॉप (व्होल्टेजची घट) दोन्हीकडे सारखाच असतो. २४ मधून तीन व्होल्ट गेले तर २१ उरतात, १२ मधून गेले तर ९. लोड वाढला की हा फरक आणखी वाढतो. तेवढ्याच करंटवर दुपटीहून जास्त वेळ चालल्यामुळे मोटर तापते. विंचची मोटर बंदिस्त असते, आत पंखा नसतो, उष्णता बाहेर जायला वाट नाही.
दुसरं, जाम झाल्यावर मिळणारा जास्तीत जास्त करंट निम्मा होतो, त्यामुळे ऐन वेळी लागणारी ताकद हातात नसते. आठवड्यातून एखादी गाडी चढवायची असेल तर चालेल. रोजच्या धंद्याला मी हे सुचवणार नाही.
एक खबरदारी: २४ व्होल्टची कॉइल तशीच ठेवून १२ देऊ नका. ती एक तर ओढत नाही, किंवा अर्धवट ओढून थरथरते, आणि त्यातच कॉन्टॅक्ट चिकटतात.

खडकवाट
समजलं. उलटं कुणी करू नये हेही लिहून ठेवतो: १२ व्होल्टच्या विंचला २४ देऊन "पळते कशी बघा" हे प्रकार व्हिडिओत दिसतात. रिकाम्या ड्रमवर सिरीज मोटर इतकी पळते की आर्मेचरची तार खाचेतून बाहेर येते.

अँपिअर_आजोबा
बूस्टरचा हिशेब मी देतो. २४ व्होल्टला २०० अँपिअर म्हणजे ४.८ किलोवॅट. बूस्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १२ च्या बाजूला ४४० अँपिअरच्या पुढे करंट लागेल. पिकअपचा अल्टरनेटर शंभराच्या आसपास, त्यातही गाडीचे दिवे, पंखा, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आहेत. म्हणजे बूस्टर लावूनही सगळा भार शेवटी गाडीच्याच बॅटरीवर येतो, आणि वर बूस्टरची किंमत. बाजारात मिळणारे '१२०० वॅट, २० अँपिअर' वगैरे बूस्टर मॉड्यूल मोटर सुरू होतानाच्या धक्क्यालाच बंद पडतात किंवा त्यांचे मॉसफेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात.
थेट मोटर चालवायला बूस्टर नको. बॅटरी हळूहळू भरायला मात्र तोच हवा, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

अल्टरनेटर_अण्णा
त्याआधी सिरीज-पॅरलल स्विचचं बोलू, कारण गॅरेजमध्ये हमखास हेच सुचवलं जातं. जुन्या ट्रकांत गाडी १२ वर आणि सेल्फ २४ वर असायचा, तिथे हा स्विच असे. एरवी दोन्ही बॅटऱ्या पॅरलल (पॉझिटिव्ह पॉझिटिव्हला, निगेटिव्ह निगेटिव्हला), चार्जिंग १२ वर. विंच चालवताना सिरीज.
त्याला तीन मोठे कॉन्टॅक्टर लागतात. गाडीची बॅटरी 'अ', दुसरी 'ब'. पहिला कॉन्टॅक्टर अ आणि ब चे पॉझिटिव्ह जोडतो, दुसरा ब चा निगेटिव्ह चासीला जोडतो. विंचसाठी हे दोन्ही सुटले पाहिजेत आणि मगच तिसऱ्याने अ चा पॉझिटिव्ह ब च्या निगेटिव्हला जोडायचा. आता पहिला चिकटलेला असताना तिसरा लागला तर ब बॅटरी थेट शॉर्ट. दुसरा चिकटलेला असेल तर अ शॉर्ट. दोन्ही वेळा हजारभर किंवा त्याहून जास्त अँपिअर, आणि जागा डिझेलच्या टाकीजवळची.
त्यामुळे सहायक कॉन्टॅक्टचा इंटरलॉक हवाच: पहिले दोन खरोखर उघडले याची खूण मिळाल्याशिवाय तिसऱ्याच्या कॉइलला सप्लाय मिळता कामा नये. अ आणि ब ला वेगळे फ्यूजही हवेत. शिवाय काम झाल्यावर दमलेली ब पुन्हा भरलेल्या अ ला पॅरलल होते तेव्हा मोठा करंट उसळतो, तो कॉन्टॅक्टर खातो तो वेगळाच.
व्यवस्थित केलं तर चालतं. पण एवढं सगळं करून विंचचा करंट गाडीच्या मुख्य बॅटरीतूनच जातो. इसीयू असलेल्या गाडीत व्होल्टेज बसलं की इंजिन बंद पडण्यापासून मीटरवर भलते दिवे लागण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

नट_बोल्ट
त्यापेक्षा ब कायमची अ च्या डोक्यावर, म्हणजे सिरीजमध्ये, ठेवायची, स्विचच नको. आणि ब ला वेगळा १२ ते १२ चार्जर.

अल्टरनेटर_अण्णा
चालेल, पण तो चार्जर आयसोलेटेडच हवा. इथेच लोक फसतात. साध्या डीसी-डीसी चार्जरचा इनपुट आणि आउटपुटचा निगेटिव्ह आतून एकच असतो. ब चा निगेटिव्ह म्हणजे अ चा पॉझिटिव्ह. तो चार्जरच्या निगेटिव्हला लावला की अ बॅटरी चार्जरच्या काळ्या वायरीतून शॉर्ट. डब्यावर 'आयसोलेटेड' लिहिलेलं असलं तरी जोडण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही निगेटिव्हमध्ये कंटिन्युइटी नाही ना, ते पाहा. आणि विंचचा करंट मुख्य बॅटरीतून जाण्याचा मुद्दा इथेही राहतोच.

अँपिअर_आजोबा
आता माझा मार्ग. डेकखाली दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या कायमच्या सिरीजमध्ये, फक्त विंचसाठी. त्यांना भरायला १२ ते २४ चा डीसी-डीसी चार्जर, १५ अँपिअरचा. गाडीची बॅटरी आणि विंच यांचा थेट संबंध शून्य.
१५ अँपिअर ऐकून लोक नाक मुरडतात, म्हणून हिशेब पाहा. गाडी चढवायला सात मीटर रोप ओढायचा, हलक्या लोडला वेग मिनिटाला पाच मीटरच्या आसपास. म्हणजे दीड मिनिट. ६० अँपिअर × दीड मिनिट = दीड अँपिअर-तास. घासत येणारी गाडी धरा: १०० अँपिअर, दोन मिनिटं, साडेतीन अँपिअर-तासांच्या आत. एवढं परत भरायला १५ अँपिअरच्या चार्जरला पंधरा ते वीस मिनिटं पुरतात, आणि गाडी चढवल्यावर तुम्ही तेवढा वेळ रस्त्यावर असताच. विंचला करंट प्रचंड लागतो, पण थोडाच वेळ. एकूण ऊर्जा फार नसते. गच्चीवरची टाकी बारीक नळाने भरून ठेवायची आणि गरजेला मोठ्या पाइपाने सोडायची, तसंच हे.

डेकवाला_सांगली
हे पटलं! बॅटऱ्या कोणत्या घ्यायच्या? घरी इन्व्हर्टरच्या दोन ट्युब्युलर आहेत, बऱ्या स्थितीत. आणि लिथियमबद्दल काय?

अँपिअर_आजोबा
ट्युब्युलर नको. ती दहा-वीस अँपिअर तासन् तास देण्यासाठी घडवलेली असते. २०० अँपिअर मागितले की व्होल्टेज कोसळतं. शिवाय उंच आणि जड, डेकखाली बसणारही नाही.
गाडीच्या सेल्फच्या बॅटऱ्या घ्या, ६५ ते ८० एएचच्या (अँपिअर-तास), मेंटेनन्स-फ्री. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या. एक जुनी आणि एक नवी अशी जोडी सिरीजमध्ये कधीच लावू नका. जड लोडला कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि दुसरी तिच्यातून करंट ढकलतच राहते, तिचे सेल पलटतात. महिन्यातून एकदा, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. भरलेली १२.६ ते १२.७ दाखवते. फरक ०.१ च्या वर गेला तर कमी असलेली बॅटरी सुटी करून १२ व्होल्टच्या चार्जरने पूर्ण भरा.
लिथियमच्या तयार बॅटऱ्यांचं बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) बहुधा १०० अँपिअरच्या आसपास तोडतं, आणि ते तोडतं ते नेमकं गाडी रॅम्पच्या मध्यावर असताना. सिरीजमध्ये लावायची परवानगीही प्रत्येक कंपनी देत नाही.

वायरमन_कराड
आता जोडणी, वायरीच्या साइजसकट.
चार्जरची बाजू: गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज, तिथून १६ स्क्वेअर एमएमची वायर चार्जरपर्यंत. २४ च्या बाजूला साडेतीनशे वॅट देताना चार्जर १२ च्या बाजूने ३३ अँपिअरच्या आसपास घेतो. जाऊन-येऊन सहा मीटर लांबी धरली तर ड्रॉप ०.२ व्होल्ट, ठीक. चार्जरपासून बॅटऱ्यांपर्यंत ६ स्क्वेअर एमएम, ३० चा फ्यूज बॅटरीच्या टोकाला. चार्जिंग व्होल्टेज २८.८, फ्लोट (पूर्ण भरल्यावर टिकवून ठेवायचं) २७.६, तरी बॅटरीवर जे छापलंय ते पाळा. इग्निशनची एक वायर चार्जरच्या ऑन-ऑफला द्या, म्हणजे इंजिन बंद असताना तो गाडीची बॅटरी पिणार नाही.
बीएस ६ गाडी असेल तर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर दिसेल. चार्जरचा निगेटिव्ह टर्मिनलला लावू नका, सेन्सरच्या पलीकडे चासीला लावा. नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो.
विंचची बाजू: वरच्या (२४ च्या टोकाच्या) बॅटरीच्या पॉझिटिव्हला २५० अँपिअरचा एएनएल (बोल्टने बसणारा, मोठ्या करंटचा) फ्यूज, मग बॅटरी कटऑफ स्विच, मग कॉन्टॅक्टर. निगेटिव्ह चासीतून नको, तेवढ्याच जाडीची वेगळी वायर विंचच्या निगेटिव्ह बोल्टपर्यंत न्या. चासीला अर्थिंगची एकच बारीक वायर द्या, संदर्भासाठी. फ्यूज ३२ व्होल्ट डीसी रेटिंगचा आहे ना पाहा, कारण चार्जिंगला इथे जवळपास २९ असतात. हा फ्यूज वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून आहे, तो मोटर वाचवणार नाही.

खडकवाट
विंचला ५० स्क्वेअर एमएम लागेल की ३५ पुरेल? माझी विंच पुढच्या बंपरवर आहे, म्हणून विचारतो.

वायरमन_कराड
डेकवाल्यांची विंच बॅटऱ्यांजवळ आहे, दोन्ही बाजू मिळून तीन मीटर. ३५ मध्ये २०० अँपिअरला ०.३ व्होल्ट जातील, ५० मध्ये ०.२. दोन्ही चालतील, पण मी ५० घेईन.
बॅटरी मागे आणि विंच पुढे असेल तर जाऊन-येऊन नऊ मीटर. ५० मध्ये २०० अँपिअरला ०.६३ व्होल्ट, २४ च्या मानाने पावणेतीन टक्क्यांच्या आत. तीच विंच १२ व्होल्टची असती तर ४०० अँपिअर, १.२६ व्होल्ट, म्हणजे साडेदहा टक्के. २४ चा खरा फायदा हा आहे, म्हणून डेकवाल्यांनी ती विंच विकू नये.
वेल्डिंग केबल घेताना तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर परत करा. वजनानेही कळतं: ५० स्क्वेअर एमएमच्या एक मीटर तांब्याचं वजन इन्सुलेशन सोडून सुमारे ४४५ ग्रॅम भरतं. लग (केबलच्या टोकाची बोल्टची कडी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, हातोडीने नाही. नुसती कथील झाळूनही चालणार नाही. सांधा तापला की कथील मऊ पडतं.

अल्टरनेटर_अण्णा
कॉन्टॅक्टर थरथरण्याचा विषय मघाशी ओझरता आला, तो नीट सांगतो, कारण जिवाशी खेळ तिथेच होतो.
बॅटरी अर्धी उतरलीय, गाडी जड आहे. बटण दाबलं, कॉन्टॅक्टर लागला, मोटरने करंट ओढला, बॅटरीचं व्होल्टेज बसलं. कॉइलला धरून ठेवायला लागणारं व्होल्टेजही मिळेना, म्हणून कॉन्टॅक्टर सुटला. लोड गेल्याबरोबर व्होल्टेज वर आलं, कॉन्टॅक्टर पुन्हा लागला. हे सेकंदात कितीतरी वेळा होतं, कानाला नुसती टर्रर्र अशी घरघर येते. प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी, तांबं वितळतं, आणि शेवटी दोन्ही चकत्या एकमेकींना चिकटतात. आता बटण सोडलं तरी विंच थांबत नाही.
म्हणून घरघर ऐकू आली की त्याच क्षणी बटण सोडा आणि कटऑफ फिरवा. पुन्हा पुन्हा दाबून 'लागतंय का' बघू नका. बॅटऱ्या भरा, सांधे तपासा, कॉन्टॅक्टर उघडून चकत्या पाहा.

डेकवाला_सांगली
हे फार मोलाचं सांगितलंत अण्णा. वायरलेस रिमोट लावायचा विचार आहे, काही अडचण?

अल्टरनेटर_अण्णा
रिसीव्हर २४ व्होल्टचा आहे ना तेवढं बघा, बरेच फक्त १२ चे असतात. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या सांध्यावरून त्याला १२ देऊ नका. तिथून कायम थोडा थोडा करंट गेला की खालची बॅटरी उपाशी राहते आणि वरची ओव्हरचार्ज होते. ट्रकवाले २४ च्या गाडीत टेपसाठी हेच करतात आणि वर्षभरात एक बॅटरी घालवतात. १२ हवेच असतील तर छोटा २४ ते १२ कन्व्हर्टर लावा. आणि वायरचा रिमोट डब्यात ठेवाच, सेल संपले तर हाताशी हवा.

नट_बोल्ट
पहिल्यांदा चालू करताना क्रम पाळा. फ्यूज न लावता सगळं जोडा, मीटरने पॉझिटिव्ह आणि चासीमध्ये शॉर्ट नाही ना पाहा. मग फ्यूज. रोप ड्रमवरून मोकळा करून रिकामी फिरवा, आत-बाहेर दोन्ही. मग हलकी गाडी सपाट जमिनीवर ओढा. लोड असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या पोस्टवर आणि दुसरं मोटरच्या बोल्टवर ठेवा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर एकेक सांधा मोजत जा. करंटसाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. ड्रमवर स्टीलच्या रोपचे किमान पाच वेढे नेहमी राहू द्या.

डेकवाला_सांगली
मग यादी अशी ठरवतो: ८० एएचच्या दोन बॅटऱ्या हवा खेळणाऱ्या लोखंडी पेटीत, १२-२४ चा १५ अँपिअर चार्जर, २५० चा एएनएल, ५० ची केबल तीन मीटर, २४ कॉइलचा कॉन्टॅक्टर आहे तोच चकत्या घासून. कटऑफ स्विच केबिनमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली घेतो.

वायरमन_कराड
यादी बरोबर, दोन दुरुस्त्या. कॉन्टॅक्टरच्या चकत्या घासू नका. वरचा थर गेला की त्या आणखी लवकर चिकटतात. खड्डे पडले असतील तर कॉन्टॅक्टर नवीन घ्या. आणि कटऑफ केबिनमध्ये नको. विंच चालवताना तुम्ही मागे रॅम्पच्या बाजूला रिमोट घेऊन उभे असता, तिथून दोन पावलांत हात पोचला पाहिजे. डेकच्या बाजूच्या चॅनेलवर, रोपच्या रेषेबाहेर, लाल मूठ बाहेर राहील असा बसवा, वर पावसासाठी रबरी झाकण.